शेतनोंदीचं ॲप: शेतकऱ्याला काय विचारायचं आणि कसं? (वर्धा-यवतमाळ पट्टा, कापूस-सोयाबीन-तूर)

काळीमाती (प्रश्न)

नमस्कार मंडळी. शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांसाठी अँड्रॉइडवर नोंदवहीचं ॲप करतो आहे. पेरणी, खत, फवारणी, मजुरी, विक्री एवढ्याच नोंदी. सल्ला, बाजारभाव, हवामान यातलं काही नाही, तेवढ्यासाठी ढीगभर ॲप पडलेत.

आत्ताचा आराखडा: शेतकरी, त्याखाली प्लॉट (गट नंबर आणि हेक्टर), त्याखाली हंगाम (खरीप किंवा रब्बी), त्याखाली एक पीक, त्याखाली कामं. गावात बैठका घेऊन स्क्रीन दाखवले तर सगळे "चांगलं आहे" म्हणाले. चाचणी सुरू केली आणि नोंदी आठवड्यातच आटल्या. ज्या आल्या त्यांचे हाल असे: सोयाबीन आणि तूर एकत्र टाकता येत नाही म्हणून लोकांनी तोच प्लॉट दोनदा काढला, क्षेत्र दुप्पट झालं. खतासमोर नुसतं "२" आहे. दोन किलो, दोन थैल्या की दोन वेळा, कळायला मार्ग नाही. रेंज नसलेल्या शिवारात भरलेल्या काही नोंदी गायबच आहेत.

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आराखडा कुठे चुकला? जीपीएसने क्षेत्र मोजावं का? आणि लोकांचं खरं मत काढायचं कसं, कारण बैठकीत तर कोणी वाईट बोलत नाही.

---

तिफन

आराखडा "प्लॉट"पाशीच चुकला आहे. तुम्ही एका डब्यात तीन वेगळ्या गोष्टी भरल्यात.

पहिली गोष्ट वावर. शेतकरी ज्याला "नाल्याकडचं", "विहिरीवालं", "माळावरचं" म्हणतो तो तुकडा. ओळख म्हणून हेच नाव ठेवा. दुसरी गट नंबर. एका गटात दोन भावांची तीन वावरं असतात आणि एक वावर दोन गटांवर पसरलेलं असतं, म्हणून गट नंबर हा वावराला चिकटवायचा कागद आहे, वावराची ओळख नाही. वावर आणि गट यांचं नातं अनेकास-अनेक ठेवा आणि गट नंबर सक्तीचा करू नका. तिसरी गोष्ट लागवड, आणि तुमच्या आराखड्यात तीच नाही.

६:२ चं उदाहरण घ्या. सहा तास (म्हणजे ओळी) सोयाबीन, दोन तास तूर, पेरणी एकाच दिवशी एकाच तिफनीने. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघतं. त्या सहा तासांच्या पट्ट्यात ओल असली तर हरभरा पडतो. तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभीच. म्हणजे एका वावरात तीन लागवडी, त्यातल्या दोन कायम एकमेकींवर चढलेल्या. "हंगाम: खरीप" अशी चौकट घातली की तूर कोणत्या चौकटीत बसवायची? कापूस तर जूनपासून वेचे संपेपर्यंत आर्थिक वर्ष, इंग्रजी वर्ष, खरीप-रब्बी सगळ्यांना ओलांडतो. हंगाम काढून टाका. प्रत्येक लागवडीला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट द्या. अहवालाचं वर्ष शेतकऱ्याला निवडू द्या; सालदाराचा (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा) हिशेब ज्याच्याकडे पाडव्याला होतो त्याला पाडवा ते पाडवाच पाहिजे.

क्षेत्र पिकागणिक विचारू नका. तास विचारा. ३ एकराचं वावर, ६ तास सोयाबीन, २ तास तूर: आठात दोन म्हणजे पाव. तूर पाऊण एकर, सोयाबीन सव्वादोन एकर, हे ॲपने करायचं गणित आहे. खर्चाचंही तसंच. वखरणी, पेरणी, डवरणी हा वावराचा खर्च, तो अहवालात तासांच्या प्रमाणात वाटा. सोयाबीन निघाल्यावर तुरीवर मारलेली फवारणी मात्र एकट्या तुरीवर. नोंद करताना शेतकऱ्याला "हा खर्च कोणत्या पिकाचा, किती टक्के" विचारलं की त्याने ॲप बंद केलंच समजा.

दुबार पेरणीचाही विचार केलेला दिसत नाही. पेरणीची तारीख बदलायची सोय दिली की लोक जुनी तारीख खोडून नवी घालतात. मग बियाण्याचे पैसे दोनदा दिसतात आणि पेरणी एकच, नाहीतर पहिला खर्च कुठेच दिसत नाही. लागवडीला "मोडली" असं बटण द्या. मोडलेली लागवड खर्चासकट तिथेच राहील, नवी तिच्या शेजारी सुरू होईल, आणि वर्षाच्या हिशेबात दोन्ही धरल्या जातील.

---

धुऱ्यावरचा

तिफनभाऊंनी मोठं सांगितलं, मी लहान सांगतो. पहिले तर "प्लॉट" हा शब्द काढा. आपल्याकडे प्लॉट म्हटलं का माणूस लेआउटमधला प्लॉट समजते. तो म्हणन, आपल्याजवळ प्लॉट नाही, वावर आहे. तुम्ही "हार्वेस्ट"चं भाषांतर "कापणी" केलं असन तर तेही पाहा. इथं सोयाबीन सोंगतात, कापूस वेचतात, हरभरा सोंगतात नाहीतर उपटतात, संत्रा तोडतात. पिकाप्रमाणं बटनावरचा शब्द बदलला पाह्यजे.

तुमचं ते "२" समजलं. थैल्या आहेत. पण थैली म्हणजे ५० किलो असं धरू नका. युरियाची थैली २०१८ पासून ४५ किलोची आहे, डीएपीची ५० ची. ४५ किलो युरियात नत्र २०.७ किलो, ५० धरलं तर २३ होते. सोयाबीनच्या बियाण्याची थैली कंपनीप्रमाणं बदलते, ते बिलावरून एकदा भरून घ्या. बीटी कापसाचं पाकीट ४७५ ग्रॅमचं, पण ग्रॅम कोणी बोलत नाही, "एकरी दोन पाकिटं" बोलतात. मोजमाप असं ठेवा का बोटानं थैली, पाकीट, पंप, कट्टा निवडता आलं पाह्यजे. किलो-ग्रॅम आत राहू द्या.

आकड्यांच्या खान्यात आकड्यांचाच कीबोर्ड उघडा, आणि मराठी अंक टाकले तरी चालले पाह्यजे. कोणी "१८॥" लिहिलं तर ती चूक नाही, ते साडेअठरा आहे. म्हाताऱ्या माणसाच्या वहीत पाव, अर्धा, पाऊण असेच दांड्या मारून असतात. पाव-अर्धा-पाऊण अशी तीन बटनं द्या, पॉइंट शोधायची कटकट गेली.

---

फवारा

मापाचा विषय निघालाच आहे तर फवारणी वेगळी घ्या, कारण तिथे माप चुकलं की नुसता हिशेब चुकत नाही.

शेतकरी "पंपाला किती" या भाषेत बोलतो. शिफारस १० लिटरला किंवा हेक्टरला असते. पंप १५ चा, १६ चा, २० चा. त्यामुळे चार गोष्टी विचारा: औषध, पंप किती लिटरचा, पंपाला किती टाकलं, किती पंप मारले. पंपाचं माप फोनमध्ये एकदाच भरून ठेवा. बाकी गणित ॲपचं.

हे का, ते आकड्यात पाहा. इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी हे अळीचं दाणेदार औषध, १० लिटरला ४ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम. माणसाने ६ ग्रॅम बरोबर टाकले पण एकरात ८ पंपच मारले. पाणी झालं १२० लिटर, औषध ४८ ग्रॅम. हेक्टरी ५०० लिटर पाण्याच्या हिशेबाने एकराला २०० लिटर, म्हणजे तेरा-साडेतेरा पंप आणि ८० ग्रॅम लागतात. पंपाची मात्रा अचूक असूनही एकरी औषध निम्म्याच्या थोडं वर पडलं. "फवारून उपयोग झाला नाही" ही तक्रार कधी कधी इथून येते, आणि पंपांची संख्या नोंदलेली नसेल तर ती कोणाला दिसत नाही.

साधा पंप आणि पेट्रोलचा पंप यांना एकाच यादीत घालू नका. पेट्रोलच्या पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून त्याचं द्रावण दाट करावं लागतं. पंपाचा प्रकार माहीत नसेल तर गणित करूच नका, नुसती नोंद ठेवा.

एका फवारणीत एकच औषध धरलं असेल तर तेही मोडा. एका पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक आणि वर १९:१९:१९ हे विद्राव्य खत असं तिघं जातात. एक फवारणी, खाली हव्या तेवढ्या ओळी. नाव निवडताना व्यापारी नावाखाली औषधातला मूळ घटक ठळक दाखवा. एकच घटक दोन नावांनी एकाच पंपात गेलेला असतो आणि ते बाटल्या शेजारी ठेवूनही लक्षात येत नाही.

आणि लेबलचा फोटो. तो सर्व्हरवर गेला नाही तरी चालेल, पण फोनमध्ये रेंजशिवाय दोन टिचक्यांत उघडला पाहिजे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. दवाखान्यात पहिला प्रश्न "काय फवारलं" हा असतो आणि उतारा काय द्यायचा ते लेबलवर, सोबतच्या पत्रकावर छापलेलं असतं. फवारणारा बहुतेक वेळा मजूर असतो, मालक नाही, म्हणून "कोणी फवारलं" हा रकानाही ठेवा.

---

शिवारमोजणी

जीपीएसबद्दल. मोजा, पण ते क्षेत्र पुरावा म्हणून वापरू नका, आणि आधी तुमचं सूत्र तपासा.

नकाशा दाखवणाऱ्या बहुतेक लायब्ररी वेब मर्केटर प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर पसरायची एक रीत) वापरतात. त्याच निर्देशांकांवरून क्षेत्र काढलं तर आपल्या अक्षांशावर, साधारण साडेवीस-एकवीस अंशांवर, ते सुमारे १४ टक्के फुगतं. ४० गुंठ्यांचा एकर साडेपंचेचाळीस गुंठे दिसतो. शेतकरी हसतो आणि पुन्हा त्या ॲपवर विश्वास ठेवत नाही. यूटीएममध्ये (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून मोजायची पद्धत) काढायचं तर लक्षात ठेवा, ७८ अंश रेखांशाची रेघ विदर्भातून जाते. अमरावती, अकोला, बुलढाणा शहरं ४३ व्या झोनमध्ये, यवतमाळ, वर्धा, नागपूर ४४ मध्ये. झोन कोडात कायमचा लिहून ठेवला तर रेघेपलीकडची वावरं बिघडतात. सोपा मार्ग म्हणजे पृथ्वीच्या वक्रतेवर थेट क्षेत्र काढणारं जिओडेसिक फंक्शन, तयार मिळतं.

यानंतर खुद्द जीपीएसची चूक. उघड्या आभाळाखाली फोन ३ ते ५ मीटर इकडे-तिकडे असतो. चौरस एकराची बाजू ६३.६ मीटर. दोन्ही बाजू ३-३ मीटरने जास्त आल्या तर क्षेत्र जवळपास १० टक्के वाढतं. पाच एकराला ही चूक खपते, अर्ध्या एकराला नाही. धुऱ्याने (बांधाने) चालत रेघ ओढण्यापेक्षा प्रत्येक कोपऱ्यावर अर्धा मिनिट उभं राहून सरासरी घ्या. धुऱ्यावरच्या बाभळीखाली, पऱ्हाटी (कापसाची झाडं) डोक्याएवढी झाल्यावर मोजू नका. उन्हाळ्यात वावर मोकळं असतं तेव्हा मोजणी उरकून घ्या.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र हाताने भरायचं असेल तर हेक्टर आणि आर असे दोन वेगळे खाने द्या. एकाच खान्यात "शून्य हेक्टर आठ आर" माणूस ०.८ लिहितो. ते झाले ८० आर, म्हणजे दहापट. योग्य लिखाण ०.०८. ही चूक इतकी सहज होते की बियाण्याच्या मागणीची यादी तिच्यावरून करू नये. शिवाय पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) वजा केला की नाही तेही विचारा, नाहीतर मोजलेलं आणि कागदावरचं कधीच जुळणार नाही.

---

बिनरेंज

गायब नोंदींबद्दल. कोड न पाहता तीन संशय घेतो.

नोंदीचा क्रमांक सर्व्हर देतो का? देत असेल तर ते बंद करा. क्रमांक फोनवरच तयार व्हावा, यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही नोंदीशी न जुळणारा लांब क्रमांक. नोंद आधी फोनमधल्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये, मग सवडीने वर. मोबाइल नंबर ही शेतकऱ्याची ओळख करू नका, रिचार्ज संपला की नंबर बदलतो आणि जुना इतिहास लटकतो.

दुसरं, एकाच घरातले दोन फोन. बापाने सकाळी रेंजबाहेर खत नोंदलं, पोराने गावातून तेच वावर उघडून डवरणी नोंदली. तुम्ही वावराची अख्खी नोंद वर पाठवत असाल तर नंतर पोहोचलेली आधीचीला पुसते. वावर पाठवू नका, घडलेलं काम पाठवा. प्रत्येक काम स्वतंत्र ओळ, ओळ खोडायची नाही, दुरुस्ती म्हणजे जुनीकडे बोट दाखवणारी नवी ओळ. काम कधी झालं, फोनवर कधी लिहिलं, सर्व्हरला कधी मिळालं या तीन वेळा वेगळ्या साठवा. लोक संध्याकाळी किंवा बाजाराच्या दिवशी एकदम चार दिवसांचं लिहितात, म्हणून "आज" हे गृहीत धरू नका, "काल" आणि "परवा" अशी बटनं द्या.

तिसरं, पार्श्वभूमीत चालणारं काम. स्वस्त फोन बॅटरी वाचवायला ते मारून टाकतात. ॲप उघडलं की पाठवायचा प्रयत्न करा आणि वरच "३ नोंदी पाठवायच्या बाकी" असं दिसू द्या. फोटोंची रांग वेगळी ठेवा, नाहीतर एका अडकलेल्या फोटोमागे वीस नोंदी थांबतात. फोटो २०० केबीच्या आत आवळा. ओटीपी एकदाच, गावात असताना. वावरात ओटीपी येत नाही.

एक विसरू नका: तीन महिने न उघडलेला फोन जुनं ॲप घेऊन येईल. सर्व्हरने जुन्या आकाराच्या नोंदीही घेतल्या पाहिजेत. सोंगणीच्या तोंडावर "आधी अपडेट करा" अशी पाटी लावली की त्या दिवसाची नोंद गेली.

---

वेचणीचीवही

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, आणि नोंदी आटण्याचं कारण माझ्या मते तिथेच आहे.

बैठकीत स्क्रीन दाखवलं की पाहुण्याचा मान म्हणून "चांगलं आहे" येणारच. मत विचारू नका, वही मागा. मागच्या सालची डायरी, कृषी केंद्राची बिलं, कॅलेंडरवर केलेल्या खुणा. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर, उधारी दुकानदाराच्या वहीत, मजुरी घरच्या बाईच्या वहीत, असं बहुतेक घरात विभागलेलं असतं. तुम्ही कोणाशी बोललात? सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाशी. कापूस वेचणीचं वजन संध्याकाळी काट्यावर कोण मांडतं ते पाहा, त्या बाईला बोलवा.

त्या वहीत काय असतं: डावीकडे वेचणाऱ्या बायांची नावं, वर तारखा, चौकटीत किलो. भाव एकदाच वर लिहिलेला. खाली उचल. चुकारा (मजुरी चुकती करणं) आठवडी बाजाराच्या दिवशी, म्हणून बेरीज बाजार ते बाजार. तुमच्या ॲपमध्ये एका बाईचा एक वेचा नोंदायला किती टिचक्या लागतात? बारा बाया असतील तर त्याला बाराने गुणा, तेही अंधार पडताना. त्याऐवजी कालच्याच नावांची यादी उघडी मिळाली पाहिजे, नुसते किलो भरायचे, शेवटी एकूण काट्याशी जुळवायचं. हा पडदा रोज वापरला जाईल, कारण त्यावर रोजचे पैसे अवलंबून आहेत. मी तुमच्या जागी असते तर सगळ्यात आधी हाच केला असता आणि पेरणीचा नंतर.

चाचणीची पद्धत: पाच-सहा माणसं पुरतात, पण वेगवेगळी. ओलिताचा एक, कोरडवाहू एक, बटाईने (दुसऱ्याची जमीन वाट्याने) करणारा एक, दोन बाया, एक शिकलेला पोरगा. फोन त्यांच्या हातात द्या, एकच काम सांगा: "काल युरिया टाकला, लिहून ठेवा." मग गप्प बसा. बोट कुठे थांबलं, कोणता शब्द मोठ्याने वाचला, कुठे तुमच्याकडे पाहिलं, तेवढंच टिपा. मध्ये मदत केली की चाचणी वाया. कोड लिहिण्याआधी हेच कागदाच्या छापील पानावर आठवडाभर करून घ्या. जो रकाना सगळ्यांनी रिकामा सोडला तो ॲपमध्ये येऊच नये. पेरणीच्या आणि सोंगणीच्या दिवसांत कोणाकडे जाऊ नका. एप्रिल-मे बरा, किंवा पोळ्याच्या आसपास डवरे सुटल्यावर.

आणि नोंद केल्यावर त्याला काय परत मिळतं? आत्ता तर माहिती कंपनीला मिळते आणि बोटं त्याची झिजतात. प्रत्येक नोंदीनंतर एक ओळ दाखवा: "या वावराचा आजवरचा खर्च एकरी इतका." विक्रीनंतर खर्चाला निघालेल्या क्विंटलांनी भागून "क्विंटलमागे इतका पडला." हमीभाव आणि व्यापाऱ्याचा भाव त्याला तोंडपाठ असतो, स्वतःचा क्विंटलमागचा खर्च नसतो.

---

तिफन

ताईंशी सहमत, फक्त बटाईवाल्याबद्दल जपून. विदर्भाला १९५८ चा वेगळा कूळकायदा (जमीन कसणाऱ्याच्या हक्कांचा) आहे आणि बटाई बहुतेक तोंडी असते. "कसणारा कोण" हे नाव दुसऱ्या कोणाला दिसेल अशी नुसती शंका आली तरी मालक त्याला ॲपच वापरू देणार नाही. वहिवाटदाराचं नाव, उधारी आणि मजुरीचे पैसे हे फक्त त्या फोनपुरतं ठेवा. कंपनीला पीक, क्षेत्र आणि अंदाजे माल एवढं पुरतं. संमती घेताना प्रत्येक गोष्टीला वेगळा होकार घ्या, आणि तो इंग्रजीत लांबलचक नको.

---

काळीमाती

खूप मिळालं, सगळ्यांचे आभार. वेचणीचा पडदा आधी घेतो, वावर-लागवड असं नव्याने मांडतो. नकाशावर मोजून पाहिलेलं क्षेत्रही फुगलेलं यायचं, त्याचं कारण कळलं, मर्केटरवर मोजत होतो. एक राहिलं: फरदड ठेवली (मुख्य वेचे संपल्यावर झाड न उपटता पुन्हा कापूस घेतला) तर ती नवी लागवड धरायची की जुनीच पुढे चालू?

---

धुऱ्यावरचा

जुनीच चालू ठेवा भाऊ, झाड तेच आहे. नवी काढली तर बियाणं शून्य, खर्च शून्य आणि फरदडीचा कापूस फुकटात आल्यासारखा दिसन. फक्त मुख्य वेचे संपले का एक प्रश्न विचारा: "पऱ्हाटी उपटली का ठेवली?" उपटली तर तारीख घ्या. गुलाबी बोंडअळी फरदडीवरच पुढच्या सालापर्यंत तग धरते, म्हणून डिसेंबरनंतर गावात किती वावरात पऱ्हाटी उभी आहे हा आकडा कंपनीच्या कामाचा आहे. पण तोही आकडाच द्या, वावराच्या नावानिशी देऊ नका, नाहीतर कोणी खरं सांगणार नाही.